पीएफ ऑफिसचा सीओसी : फुकट मिळणारा, पण वाचून घ्यावा असा कागद

परदेशी डेप्युटेशनवर निघालेल्या माणसाच्या फाइलमध्ये व्हिसा, तिकीट, विमा यांची चौकशी सगळे करतात. सीओसीची कोणी करत नाही. मग तिकडची पहिली पगारपत्रिका हातात पडते, पेन्शन वर्गणीच्या ओळीत चारशे-साडेचारशे युरो कापलेले दिसतात आणि हिंजवडीतल्या एचआरला रात्री मेल जातो. चूक तेव्हाही दुरुस्त होते, पण वेळ आणि डोकेदुखी दोन्ही दुप्पट.

सीओसी म्हणजे ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’. ते कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना, म्हणजे आपले पीएफ ऑफिस देते. मजकूर सरळ असतो: हा माणूस भारताच्या सामाजिक सुरक्षा व्यवस्थेत आहे, त्याची वर्गणी भारतात भरली जात आहे, तेव्हा या तारखेपासून त्या तारखेपर्यंत तुमच्या देशाने ती पुन्हा घेऊ नये. शुल्क एक रुपयाही नाही. आणि मोल? जर्मनीत पेन्शन वर्गणी पगाराच्या १८.६ टक्के आहे, निम्मी मालकाची, निम्मी नोकराची. महिना ५,००० युरो पगार धरला तर ९३० युरो दरमहा. जर्मनीसाठी सीओसीची मुदत ४८ महिने आहे. हिशेब ४४,६४० युरोंवर जातो, त्यातले २२,३२० युरो थेट कर्मचाऱ्याच्या खिशातले.

सेवा म्हणून या कागदाला चांगले गुण द्यावे लागतील. पण तो कोणाच्या फायद्याचा, याचे उत्तर देशागणिक बदलते आणि एका देशाच्या बाबतीत तर तुमच्या हातचे पैसे सोडून देण्याची ती सोय ठरते. ते पुढे येईलच.

हा कागद येतो कुठून

सीओसी हे पीएफ ऑफिसचे औदार्य नाही. दोन देशांत सामाजिक सुरक्षा करार असेल तरच त्याला किंमत आहे, आणि असा करार करण्याची घाई समोरच्या देशाला सहसा नसते. कारण उघड आहे. भारतातून जर्मनीला, फ्रान्सला, जपानला जाणारे इंजिनिअर पुष्कळ, तिकडून इकडे येणारे मोजके. वर्गणी माफ करायची म्हटली तर तिजोरीला भोक त्यांच्या पडते.

भारताने यावर काढलेला तोडगा नाक दाबून तोंड उघडण्याचा होता. १ ऑक्टोबर २००८ पासून पीएफ योजनेत परिच्छेद ८३ आला आणि ‘आंतरराष्ट्रीय कामगार’ नावाचा नवा वर्ग तयार झाला. भारतात नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाला पीएफ सक्तीचा झाला आणि तोही पूर्ण पगारावर. भारतीय कर्मचाऱ्याला असलेली १५,००० रुपयांची वेतनमर्यादा त्याला नाही. चाकणच्या एखाद्या कारखान्यात महिना ५ लाख घेणारा परदेशी मॅनेजर धरा. त्याचे १२ टक्के म्हणजे ६०,००० आणि कंपनीचे तेवढेच, मिळून महिना १,२०,०००. त्याच्या शेजारच्या केबिनमधल्या, तेवढ्याच पगाराच्या भारतीय मॅनेजरचा पीएफ कंपनीने मर्यादेवरच कापायचा ठरवला असेल तर त्याचे फक्त १,८०० जातात. वर आणखी एक खिळा: करार नसलेल्या देशाच्या नागरिकाला हे पैसे वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येत नाहीत, कायमचे अपंगत्व किंवा ठरावीक गंभीर आजार असे अपवाद सोडले तर. करार असलेल्या देशाच्या नागरिकाला मात्र भारतातली नोकरी सुटली की करारातल्या तरतुदीप्रमाणे पैसे मोकळे होतात. आणि त्याने आपल्या देशाचे सीओसी आणले तर मुळात पीएफच कापला जात नाही.

म्हणजे चाकणला, गुरुग्रामला, श्रीपेरुम्बुदूरला येणारे परदेशी कर्मचारी हेच मोहरे झाले. त्यांच्या कंपन्या आपापल्या सरकारांकडे कुरकुर करू लागल्या आणि पुढच्या काही वर्षांत करार एकामागून एक अमलात आले. सगळे श्रेय परिच्छेद ८३ ला देणे मात्र चूक. बेल्जियमच्या करारावर २००६ मध्येच सह्या झाल्या होत्या, फ्रान्सशी करार नियम लागू होण्याच्या आदल्याच दिवशी, ३० सप्टेंबर २००८ ला झाला. पण दक्षिण कोरिया आणि जपान यांच्याशी बोलणी चालू असताना हा पाचर टेबलावर होता, हे विसरून चालणार नाही.

नियमात एक खिडकीही ठेवलेली आहे. १ ऑक्टोबर २००८ पूर्वी ज्या देशाशी सर्वंकष आर्थिक करार झाला आणि त्यात सामाजिक सुरक्षेची सूट लिहिली गेली, त्याच्या नागरिकांना परिच्छेद ८३ लागत नाही. ही खिडकी सिंगापूरच्या मापाची आहे, तो करार जून २००५ चा. नेपाळी आणि भूतानी नागरिक भारतीयच धरले जातात.

या परिच्छेदावर न्यायालयात भांडणेही झाली. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये नेमके उलट, तो वैध ठरवला. महाराष्ट्रातल्या कंपनीने या दोन निकालांत आपल्या सोयीचा निवडून परदेशी कर्मचाऱ्याचा पीएफ थांबवणे म्हणजे थकबाकी, व्याज आणि दंडाची नोटीस घरी बोलावणे.

कोणत्या देशांसाठी मिळते

बेल्जियम (२००९), जर्मनी (२००९, विस्तारित करार मे २०१७), स्वित्झर्लंड, डेन्मार्क, लक्झेंबर्ग, फ्रान्स, दक्षिण कोरिया आणि नेदरलँड्स (सगळे २०११), हंगेरी (२०१३), फिनलंड, स्वीडन आणि चेक प्रजासत्ताक (२०१४), नॉर्वे, ऑस्ट्रिया आणि कॅनडा (२०१५), ऑस्ट्रेलिया आणि जपान (२०१६), पोर्तुगाल (२०१७), ब्राझील (१ जानेवारी २०२४). कॅनडाबाबत एक खोच: क्युबेक प्रांताची पेन्शन योजना वेगळी, म्हणून त्याचा करारही वेगळा. मॉन्ट्रियलला जाणाऱ्याने टोरांटोवाल्याचा अर्ज पाहून फॉर्म भरला की कागद निरुपयोगी.

मुदत बहुतेक ठिकाणी ६० महिने. स्वित्झर्लंड ७२ देते, जर्मनी ४८, स्वीडन फक्त २४. स्वीडनच्या प्रोजेक्टचा कालावधी तीन वर्षांचा असेल तर शेवटच्या वर्षाची वर्गणी बजेटमध्ये पहिल्याच दिवशी धरलेली बरी. मुदतवाढ मागता येते, पण ती हक्क नाही. दोन्ही देशांच्या सक्षम अधिकाऱ्यांनी मान्य करावी लागते आणि अर्ज जुनी मुदत संपण्याआधी गेला पाहिजे.

अर्ज

ऑनलाइन भाग सोपा आहे. पीएफच्या संकेतस्थळावर आंतरराष्ट्रीय कामगारांचा विभाग आहे, तिथे यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, टाकून सीओसीचा फॉर्म भरायचा. विचारले जाते ते असे: पासपोर्टचा तपशील, मेंबर आयडी, भारतातल्या कंपनीचा पीएफ कोड आणि पत्ता, परदेशातल्या कंपनीचे नाव आणि पत्ता, डेप्युटेशन कधीपासून कधीपर्यंत. फॉर्मची प्रिंट काढायची, कर्मचाऱ्याची आणि कंपनीच्या अधिकृत सहीवाल्याची सही घ्यायची आणि पासपोर्टची प्रत, डेप्युटेशनचे पत्र जोडून विभागीय कार्यालयात द्यायची.

कोणत्या कार्यालयात, हा प्रश्न वाटतो तेवढा बाळबोध नाही. तुम्ही कुठे बसता याला महत्त्व नाही, कंपनीचा पीएफ कोड कुठे नोंदला आहे त्याला आहे. पुण्यात गोळीबार मैदानाजवळ पीएफचे मोठे कार्यालय आहे म्हणून तिकडे धाव घेतली आणि कंपनीचा कोड बेंगळुरूचा निघाला, तर फाइल बेंगळुरूलाच जाणार. मुंबईतही वांद्रे, कांदिवली, ठाणे, वाशी अशा हद्दी आहेत. कोडच्या पहिल्या दोन अक्षरांवरून प्रांत आणि पुढच्या तीन अक्षरांवरून कार्यालय कळते, तेवढे आधी पाहून घ्यावे.

प्रमाणपत्र आले की त्याची एक प्रत परदेशातल्या कंपनीच्या पेरोल विभागाकडे पहिला पगार निघण्याआधी पोचली पाहिजे. एक तुमच्याजवळ, एक इथल्या एचआरकडे. तिकडे कामगार तपासणी झाली तर ‘अर्ज केला आहे’ हे उत्तर चालत नाही. कागद दाखवावा लागतो.

कुठे अडकते

नावात. यूएएनवर ‘संतोष आर. पाटील’ आणि पासपोर्टवर ‘पाटील संतोष रामचंद्र’. आपल्याकडे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये घालण्याची पद्धत असल्याने मराठी माणसाची फाइल या एका कारणाने फार रखडते. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेल्या आणि यूएएनवर माहेरचेच राहिलेल्या बायकांचीही तीच गत. सीओसीचा अर्ज करून मग दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. जॉइंट डिक्लरेशन (कर्मचारी आणि कंपनी यांचा दुरुस्तीचा संयुक्त अर्ज) देऊन आधी यूएएन पासपोर्टशी जुळवून घ्या. व्हिसाच्या तयारीला लागतानाच हे काम हातावेगळे करायचे.

दुसरी अडचण मोठी आणि तिला ऐनवेळी दुरुस्ती नाही: पीएफच नसणे. नोकरीला लागतानाच मूळ पगार १५,००० च्या वर होता आणि आधी कधी पीएफ सदस्य नव्हता, असा माणूस ‘वगळलेला कर्मचारी’ ठरतो आणि कंपनी त्याचा पीएफ न कापता मोकळी राहू शकते. हातात जास्त पगार दिसतो म्हणून तरुण मुले खुशीने सही करतात. अशा माणसाला सीओसी मिळत नाही, कारण तो भारतातल्या व्यवस्थेत आहे हेच मुळी खोटे. उपाय आहे, पण तो निघण्याच्या बराच आधी करायचा: कंपनी आणि कर्मचारी दोघांच्या संमतीने योजनेच्या परिच्छेद २६(६) खाली सदस्य व्हायचे, वर्गणी सुरू करायची, मग अर्ज.

तिसरे, डेप्युटेशनच्या काळात इथली वर्गणी बंद पडणे. कंपनी पगार तिकडून देऊ लागते, भारतातला पगार शून्य दाखवते, पीएफचे चलन त्या माणसाशिवाय जाते. तिथेच सीओसीचा पाया गेला. कागद हातात आहे म्हणून तो खरा राहतो असे नाही. भारतातली नोकरी आणि भारतातली वर्गणी दोन्ही चालू असण्यावर तो उभा आहे. दर तीन महिन्यांनी पासबुक उघडून पाहणे एवढा एकच इलाज कर्मचाऱ्याच्या हातात आहे.

चौथे: तुमचा नोकरीचा करार कोणाशी झाला आहे? परदेशातल्या शाखेने तुम्हाला स्थानिक नेमणूकपत्र दिले, भारतातला राजीनामा घेतला, तर ते डेप्युटेशन नाही. तुम्ही तिकडचे नोकरदार झालात, सीओसी लागू नाही. आयटी कंपन्या बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी असे ‘लोकल’ करतात. त्या दिवसापासून वर्गणी तिकडे सुरू होणार आणि ती व्हायलाच हवी.

ज्यांचा पीएफ कंपनीच्या ट्रस्टकडे असतो, त्यांना वाटते की प्रमाणपत्र ट्रस्ट देईल. नाही. सवलतप्राप्त आस्थापनांनाही अर्ज पीएफ ऑफिसकडेच करावा लागतो, ट्रस्टकडून फक्त माहिती जुळवून घ्यायची.

आणि एक पेच फार थोड्यांना ठाऊक असतो. सीओसी न घेता करार असलेल्या देशात काम केले, तिकडे वर्गणी भरली आणि तिथल्या योजनेच्या लाभाला पात्र झालात, तर परत आल्यावर तुम्ही भारतीय असूनही परिच्छेद ८३ च्या व्याख्येत ‘आंतरराष्ट्रीय कामगार’ ठरू शकता. मग इथल्या नोकरीत पीएफ पूर्ण पगारावर, वेतनमर्यादेशिवाय. परदेशी मॅनेजरसाठी लावलेला फास आपल्याच माणसाच्या गळ्यात. म्हणून नवी नोकरी धरताना परदेशातला काळ आणि तो सीओसीवर होता की नाही, हे पीएफच्या घोषणापत्रात नीट लिहायचे.

काय सुटते, काय सुटत नाही

सीओसी हा सगळ्या कपातींवरचा रामबाण उपाय नव्हे. करार प्रामुख्याने पेन्शनविषयी असतात: वृद्धत्व, अपंगत्व, वारसांचे लाभ. कोणत्या शाखा येतात याची यादी प्रत्येक कराराच्या सुरुवातीच्या कलमांत असते आणि ती देशागणिक वेगळी. जर्मनीत आरोग्य विमा आणि शुश्रूषा विमा सीओसीने सुटत नाही. स्वीडनमध्ये मालकाची एकूण वर्गणी ३१.४२ टक्के आहे, पण ती सगळी वाचेल असे समजून प्रोजेक्टचा दर लावणाऱ्याला तोटा होतो. आयकराशी तर सीओसीचा काही संबंधच नाही. त्यासाठी कराचा वेगळा करार आणि वेगळे प्रमाणपत्र.

आता वर सांगितलेला उलटा देश: ऑस्ट्रेलिया. तिथे ‘सुपर’ नावाची निवृत्ती वर्गणी असते, जुलै २०२५ पासून १२ टक्के, आणि ती पगाराच्या वर मालक भरतो. खाते कर्मचाऱ्याच्या नावावर. तात्पुरत्या व्हिसावरचा माणूस देश सोडताना ते पैसे काढू शकतो, साधारण ३५ टक्के कर कापून. १,००,००० ऑस्ट्रेलियन डॉलर पगार असेल तर वर्षाला १२,००० जमा, त्यातून फंडातच १५ टक्के कर जातो, निघताना हातात सुमारे ६,६००. सीओसी घेतला की मालकाची ही जबाबदारी संपते. म्हणजे १२,००० वाचले कंपनीचे, ६,६०० गेले तुमचे. सिडनीला निघालेल्याने सीओसीच्या फॉर्मवर सही करण्याआधी पगाराच्या बोलणीत हा आकडा काढायलाच हवा. एचआर आपणहून काढणार नाही.

जपानचा मामला अधलामधला. पेन्शन वर्गणी १८.३ टक्के, निम्मी निम्मी. वर्गणी भरलेला परदेशी माणूस देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागू शकतो, हिशेब जास्तीत जास्त ६० महिन्यांचा, त्यावर २०.४२ टक्के कर. पण परतावा घेतला की ते महिने पेन्शनच्या बेरजेतून पुसले जातात. त्यापेक्षा सीओसी घेऊन दरमहा ९.१५ टक्के हातात ठेवणे बहुतेकांना परवडते.

जर्मनीत मात्र कर्मचाऱ्याचा फायदा खरा. अट एकच, पगार ‘नेट’ ठरलेला नसावा. कित्येक डेप्युटेशन पत्रांत कंपनी हातात पडणाऱ्या रकमेची हमी देते, कर आणि वर्गण्या स्वतः भरते. अशा पत्रात सीओसीमुळे वाचलेला सगळा पैसा, तुमच्या वाट्याचे ९.३ टक्केसुद्धा, कंपनीकडे जातात. पत्रात ‘ग्रॉस’ लिहिले आहे की ‘नेट’, या एका शब्दावर २२,३२० युरो अवलंबून आहेत.

गमवायचे काय, तेही सांगायला हवे. सीओसीच्या काळात तिकडच्या पेन्शनचा हक्क साठत नाही. जर्मनीत वृद्धापकाळाच्या पेन्शनला किमान ५ वर्षांची वर्गणी लागते, आपल्या कर्मचारी पेन्शन योजनेला १० वर्षांची सेवा. कराराने दोन्हीकडचे महिने एकत्र मोजता येतात. जो पुढे तिकडेच स्थायिक व्हायच्या विचारात आहे, त्याने सीओसीचे ४८ महिने ताणण्यापेक्षा लवकर स्थानिक होणे कदाचित शहाणपणाचे. बाकी ज्यांना चार वर्षांत परत येऊन कोथरूडचा हप्ता फेडायचा आहे, त्यांनी विचारात वेळ घालवू नये.

ब्रिटन : व्हिस्कीबरोबर आलेली सूट

ब्रिटनचे प्रकरण या सेवेच्या मुळाशी काय आहे ते उघडे करून दाखवते. भारत-ब्रिटन व्यापार करार ६ मे २०२५ ला ठरल्याचे जाहीर झाले, २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. एका पारड्यात स्कॉच व्हिस्की, तिच्यावरचे आयातशुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्के. ब्रिटिश मोटारी, ठरावीक कोट्यापुरत्या १० टक्क्यांपर्यंत. दुसऱ्या पारड्यात भारतीय मालाला जवळजवळ सगळ्या प्रकारांवर शून्य शुल्क, आणि त्याच्या शेजारी दुहेरी वर्गणी टाळण्याचा करार. भारताने हा मुद्दा शेवटपर्यंत सोडला नाही. जाहीर झालेली सूट तीन वर्षांची होती.

लंडनमध्ये लगेच ओरड झाली की भारतीय कामगार ब्रिटिश माणसापेक्षा स्वस्त पडणार. विरोधी पक्षाने ‘दोन प्रकारचे कर’ म्हणत सरकारला धारेवर धरले. सरकारचे उत्तर होते की अशी व्यवस्था पन्नासएक देशांशी आधीपासून आहे. दोघांचेही बोलणे आपापल्या जागी खरे आहे. नॅशनल इन्शुरन्सचा, म्हणजे ब्रिटनच्या सामाजिक सुरक्षा वर्गणीचा, हिशेब मांडून पाहा. पगार ४५,००० पौंड. एप्रिल २०२५ पासून मालकाची वर्गणी ५,००० च्या वरच्या रकमेवर १५ टक्के, म्हणजे वर्षाला ६,०००. कर्मचाऱ्याची १२,५७० च्या वर ८ टक्के, म्हणजे सुमारे २,५९४. एकूण साडेआठ हजारांच्या वर, आणि त्यातले सत्तर टक्के कंपनीचे. भारतात त्या बदल्यात पीएफ भरायचा, जो १५,००० रुपयांच्या मर्यादेवर कापला तरी नियमात बसतो. ‘कामगारांसाठी मोठा विजय’ असे मथळे इथे झळकले. विजय कंपन्यांचा मोठा, कामगाराचा बेताचा.

अन्याय मात्र होता, यात शंका नाही. ब्रिटनच्या सरकारी पेन्शनला किमान १० वर्षांची वर्गणी लागते. तीन-चार वर्षे राहून परतणाऱ्या भारतीयाच्या हाती त्यातले काहीच पडत नसे. करार नसलेल्या देशातून तात्पुरता पाठवलेल्या माणसाला पहिले ५२ आठवडे वर्गणी माफ असण्याचा जुना नियम ब्रिटनमध्ये होताच. बऱ्याच कंपन्या त्याचा उपयोगही करत नसत. आता अर्ज करताना दोन गोष्टी पाहा: ब्रिटनशी झालेला वर्गणीचा करार कोणत्या तारखेपासून अमलात धरला आहे आणि पीएफच्या संकेतस्थळावर फॉर्ममधल्या देशांच्या यादीत ब्रिटन आला आहे का. व्यापार कराराची तारीख आणि वर्गणीच्या कराराची तारीख एकच असेल असे गृहीत धरू नका.

अमेरिका : जिथे हा कागद चालत नाही

सगळ्यात मोठे गिऱ्हाईक आणि तिथेच दुकान बंद. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५, कर्मचाऱ्याकडून ७.६५ आणि तेवढेच मालकाकडून. १,००,००० डॉलर पगारावर दोघांचे मिळून १५,३००. लाभ मिळायला ४० तिमाही, म्हणजे दहा वर्षे. एच-१बी सहा वर्षांचा. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर तो वाढत राहतो, नसाल तर २४ तिमाहींवर घरी. कंपनीअंतर्गत बदलीचा एल-१बी व्हिसा तर पाचच वर्षांचा. जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया, ब्राझील यांच्याशी अमेरिकेचा करार आहे, भारताशी नाही. भारताची योजना सगळ्या कामगारांना पुरेशी व्यापत नाही, हा तिकडचा जुना आक्षेप. खरे कारण आकड्यांत आहे: माफी द्यायची तर इतक्या भारतीयांची द्यावी लागेल.

परिच्छेद ८३ चा पाचर इथे फोल ठरला. पुण्यात किंवा मुंबईत नोकरी करणाऱ्या अमेरिकन माणसाचा पीएफ ५८ व्या वर्षापर्यंत अडकतो, पण अशी माणसे थोडी, त्यांचा दाब वॉशिंग्टनला जाणवत नाही. उलट टोक दिसले ते २०२५ मध्ये. २७ ऑगस्टला भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर गेले, १९ सप्टेंबरला नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरच्या शुल्काचा आदेश निघाला, आणि मधल्या काळात व्यापाराची बोलणी चालूच होती. माणसे अडवून माल सोडवून घेण्याचा खेळ दोन्ही बाजूंना खेळता येतो.

आखातात जाणाऱ्या गवंड्याला, ड्रायव्हरला या सेवेचा उपयोग नाही. तिकडे त्याच्याकडून पेन्शन वर्गणी घेतच नाहीत, मग सूट कशाची? त्याच्यासाठी घासाघीस वेगळ्या टेबलावर होते: भारत किमान शिफारस वेतन ठरवतो, त्याखालच्या करारावर स्थलांतराची मंजुरी अडवतो. सप्टेंबर २०२० मध्ये, नोकऱ्या जाऊ नयेत म्हणून, आखाती देशांसाठीचे हे वेतन खाली आणले गेले. कामगार संघटना न्यायालयात गेल्यावर २०२१ मध्ये ते पुन्हा वर नेले. इंजिनिअरचा कागद आणि गवंड्याचे वेतन एकाच देशाच्या वाटाघाटीतून आलेले, पण एकाला कलमे मिळतात, दुसऱ्याला परिपत्रक.

परत आल्यावर

सीओसीची मूळ प्रत फेकू नका. पाच-सात वर्षांनी तिकडच्या पेन्शन विभागाने जुनी वर्गणी मागितली, किंवा इथे नव्या कंपनीने तुम्हाला आंतरराष्ट्रीय कामगार ठरवायचा घाट घातला, तर तोच पुरावा. त्याच देशात पुन्हा डेप्युटेशन असेल तर आधीची मुदत किती वापरली, दोन मुदतींत किती अंतर हवे, हे त्या कराराच्या कलमातून पाहायचे. जुन्या प्रमाणपत्रावरची तारीख खोडून नवी टाकणाऱ्या कंपन्याही निघतात, त्यावर सही करू नका. आणि वर्गणी चुकून तिकडे कापली गेलीच असेल, तर सीओसी उशिरा मिळाले तरी तिकडच्या पेरोलकडून परतावा मागता येतो. पहिला महिना असेल तर तो पुढच्या पगारात येतो, वर्ष उलटले असेल तर तिथल्या पेन्शन विभागाकडे लेखी अर्ज आणि वाट पाहणे.